घोड्यावरचे घर

पावसाळा लागला म्हणजे पौडवरून ताम्हिणी घाटाकडे मोटारींची रांग लागते. शहरातली माणसे पाऊस बघायला येतात. पुढे माणगाव, म्हसळा करून हरिहरेश्वरला समुद्र बघायला जातात. हल्ली काही मोटारींत घरच असते. आत खाट, आत चूल, आत पाण्याची टाकी. खिडकीतून कुत्रे डोकावते. आपण म्हणतो, काय ही नवलाई! पण मंडळी, घर आणि कुत्रे बरोबर घेऊन कोकणात उतरणारी माणसे आपल्याकडे फार जुनी आहेत. ती मोटारीने जात नाहीत, पायी जातात. ती म्हणजे मेंढपाळ धनगर.

त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. सारा संसार घोड्याच्या पाठीवर. पाल, भांडी, पिठाची पिशवी आणि वाघर. वाघर म्हणजे जाळे. रात्री खुंट्या ठोकून ते मेंढरांभोवती लावतात. ओझ्यावर कोंबड्या बांधलेल्या, त्यांच्याजवळ लहान पोर बसलेले. बाया घोडी घेऊन पुढे होतात आणि मुक्कामाची जागा धरतात. पुरुष मेंढरं चारीत मागून येतात. तीन दगडांची चूल पेटली, की झाले घर.

ही माणसे एवढी का हिंडतात? पावसापायी. एकच हिशेब सांगतो. २०२४ सालच्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे पाणी साचून राहिले असते, तर हाताहून उंच झाले असते. बारामतीकडे सबंध वर्षाचा पाऊस साधारण तेवढाच! एकाच पुणे जिल्ह्यात एवढा फरक. म्हणून पावसाळाभर मेंढपाळ बारामती, पुरंदर, फलटण अशा कोरड्या मुलखात राहतात. दिवाळी झाली, भात कापून झाले, की ते पश्चिमेला निघतात. आपल्या मुळशीचे, मावळचे चरण घेतात. कित्येक वाडे घाट उतरतात. (मुळशी धरणाचे पाणीही त्याच बाजूला भिऱ्याला उतरते आणि तिथे त्याची वीज होते.) काही वाडे पार समुद्रकाठच्या गावांपर्यंत पोचतात.

तिथला शेतकरी आपल्या खाचरात मेंढरं बसवतो. रात्रभर लेंड्या आणि मूत पडते, जमीन कसदार होते. त्याच्या बदल्यात भात मिळते, नाहीतर पैसे. हा चोख व्यवहार आहे, दान नव्हे. पूर्वी मेंढरं आपल्या शेतात बसावीत म्हणून लोक आग्रह करीत. आता रासायनिक खताच्या गोण्या आल्या, आंब्याच्या बागांना कुंपणे पडली, भातामागून वाल पेरलेले असतात. तेव्हा तोच शेतकरी कधीकधी काठी घेऊन उभा राहतो. आम्हाला विचाराल, तर दोघांनी आधीच बोलून घ्यावे. किती रात्री, किती मेंढरं, काय द्यायचे, हे कागदावर लिहून ठेवावे. भांडणे बहुधा तोंडी बोलीवरून होतात.

आता पावसाचेच पाहा. मेंढराला पाऊस सोसत नाही. लोकर भिजली की तिची ऊब जाते आणि अंगावर ओझे होते. त्यात गार वारा सुटला, तर मेंढरू काकडून मरते. नुकती लोकर कातरलेली असेल, तर आणखी लवकर. २०२१ सालच्या डिसेंबरच्या सुरुवातीला असेच झाले. अवकाळी पाऊस आणि थंडी एकदम आली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत शेकडो मेंढ्या दगावल्या. उघड्या रानात वाडे होते. आडोसा नव्हता. ज्याचे सारे धन चार पायांवर चालते, त्याचे धन असे एका रात्रीत आडवे पडते. अशा रात्री कोणी गोठ्याची पडवी मोकळी करून दिली, तर निदान कोकरे तरी वाचतात.

चिखलाचा दुसरा त्रास खुरांना. खुरांच्या बेचक्यात चिखल राहून ते कुजतात, मेंढरू लंगडते. मोरचुदाच्या पाण्यातून पाय काढतात. पण ते पाणी मेंढरांना पिऊ देऊ नये. मोरचूद पोटात गेले, तर मेंढरू मरते.

राहिले कुत्रे. दिवसा ते घोड्यामागे मुकाट चालते. खरे काम रात्रीचे. लांडगा, बिबट्या वाघरीजवळ आला, की पहिला आवाज त्याचा. पण रानात त्याला पिसाळलेला कोल्हा किंवा दुसरे कुत्रे चावले, तर ते स्वतः पिसाळते आणि घरच्याच पोराला चावते. म्हणून वाड्यातल्या कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळणारे कार्ड पिठाच्या पिशवीत जपून ठेवावे. माणसाला कुत्रे चावले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्यावीत. रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस सहसा वाचत नाही.

रोहिणीचे ऊन तापू लागले, की कोकणातले वाडे पाल गुंडाळतात. मृगाचा पाऊस घाटात गाठायच्या आत वर यायचे असते. बाया पुन्हा घोडी पुढे घालतात, पुरुष मेंढरं हाकतात. कुत्रे मधेच थांबून मागे पाहते, कोणी राहिले का म्हणून.