शिकलगाराची सराण आणि कावी खोऱ्यातील माणके
(इयत्ता ६ वी व ७ वी : भूगोल व सामान्य विज्ञान यांच्या जोडपाठासाठी)

विळे-सुऱ्यांना धार लावणारा शिकलगार गावात आला की त्याच्या सराणेभोवती मुले गोळा होतात. ठिणग्या उडताना पाहण्यात त्यांना गंमत वाटते. पूर्वी ही सराण कुरुंदाची पूड व लाख एकत्र करून बनवीत. आता बहुधा कृत्रिम चाक वापरतात. हा कुरुंद आणि सराफाच्या पेढीवरील माणिक हे दोन्ही एकच खनिज होत, असे सांगितले तर मुलांस प्रथम खरे वाटणार नाही. पाठाचा आरंभ याच अविश्वासापासून करावा.

ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या संयोगाने कुरुंद बनतो. अगदी शुद्ध असला तर त्याला रंग नसतो. त्यात क्रोमियमचा अल्प अंश मिसळला की तो लाल होतो व माणिक म्हणून विकला जातो. लोह व टायटॅनियम यांच्या अंशाने निळा झाला की त्यास नीलम म्हणतात. मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली काठिण्याची जी दहा पायऱ्यांची श्रेणी ठरविली, तीत कुरुंद नवव्या पायरीवर असून त्याच्यावर केवळ हिरा आहे. इंग्रजीतील 'कोरंडम' हे नावही आपल्याच देशातून, तमिळ 'कुरुंदम्' या शब्दावरून गेले. संस्कृतात 'कुरुविंद' म्हणजे माणिकच.

आता नकाशा उघडावा. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन ही फार प्राचीन, झिजून गोलावलेली पर्वतराजी आहे. तिच्या दक्षिण टोकाकडे, उत्तर कॅरोलिना राज्यात फ्रँकलिन नावाचे लहानसे गाव आहे आणि त्याच्या उत्तरेस कावी खोरे. मूळचे रहिवासी चेरोकी लोक. लिट्ल टेनेसी नदीकाठचे त्यांचे कावी हे मोठे गाव १७७६ च्या मोहिमेत वसाहतवाल्यांच्या सैन्याने जाळले. त्याआधी नऊ वर्षे, १७६७ साली, इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकामवाले वेजवुड यांनी याच भागातील पांढरी माती नेण्यासाठी आपला माणूस धाडला होता. म्हणजे या डोंगराची कीर्ती प्रथम मातीसाठी झाली. माणके मागाहून आली.

१८७१ साली फ्रँकलिनजवळील कोरंडम हिल येथे खाण सुरू झाली, ती मुख्यतः घासण्या-पॉलिश करण्याच्या कुरुंदासाठी. पुढे १८९१ मध्ये अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले आणि खाणीतल्या कुरुंदाची मागणी ओसरू लागली. कावी खोऱ्यातील ओढ्यांच्या वाळूत मात्र लाल खडे सापडत होते. १८९० नंतरच्या दशकात एका कंपनीने जमिनी घेऊन ही माणके ज्या खडकातून वाहून आली तो मूळ खडक शोधण्याची खटपट केली. किफायतशीर असे काही हाती आले नाही. त्याच शोधाशोधीत गुलाबी छटेचा गार्नेट मिळाला व १८९८ मध्ये त्यास 'ऱ्होडोलाइट' हे नाव देण्यात आले. खाणधंदा तरला नाही. परंतु विसाव्या शतकात येथील शेतकऱ्यांनी आपली जमीन प्रवाशांना खडे शोधण्यासाठी खुली केली, आणि तोच व्यवसाय टिकून राहिला.

शोधण्याची रीत आपल्या घरातली आहे. पैसे भरून मातीची बादली घ्यावयाची, वाहत्या पाण्याच्या लांब लाकडी पन्हळीपाशी बसावयाचे, माती चाळणीत ओतून ती पाण्यात हलवावयाची. चिखल जातो, खडे उरतात. आई तांदूळ रोळते तेव्हा हलके दाणे पाण्याबरोबर वर येतात व खडे तळाशी राहतात. सराफकट्ट्यावरची धूळ धुणारा झारेकरीही जडपणाचाच आधार घेतो. गारगोटी पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, तर कुरुंद चौपट. सरावलेला माणूस खडा तळहातावर घेताच हा फरक ओळखतो. मग कडा पाहावयाच्या : माणकाचा स्फटिक षट्कोनी असतो, गार्नेट गोलसर. दोन्ही लाल, दोन्ही जड; म्हणून नवखा येथे हटकून फसतो.

या खाणींपैकी काही ठिकाणी केवळ तेथलीच माती मिळते. अन्यत्र बादलीत बाहेरून आणलेले खडे मिसळलेले असतात. तसे सांगूनच ती विकली तर त्यात लबाडी नाही. अशा बादलीत काही ना काही निघतेच. स्थानिक मातीत कित्येकदा मळकट तुकड्यांपलीकडे काही नसते. 'तुम्ही कोणती बादली घ्याल?' हा प्रश्न वर्गास विचारावा व उत्तरांची घाई करू नये. बरीच मुले पहिल्याने मिसळलेली बादली मागतील. 'तो खडा डोंगराने दिला की दुकानाने?' असा उपप्रश्न केला की मात्र वर्ग विचारात पडतो.

हा प्रश्न शिक्षकापुढेही उभा राहतो. ओढ्यावरच्या सहलीत कोणी रिकाम्या हाताने परतू नये, म्हणून आदल्या दिवशी चकचकीत खडे वाळूत पुरून ठेवण्याचा मोह कनवाळू शिक्षकास होणे स्वाभाविक आहे. तो टाळावा. पुरलेल्या खड्याने मुलाला आनंद होईल हे खरे. पण त्यावरून ते त्या ओढ्याविषयी जे अनुमान काढील ते खोटे असेल, आणि पुढे कधी ते उघडकीस आले तर त्याच शिक्षकाने शिकविलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहणार नाही. खेळ म्हणून खडे पुरावयाचे असतील तर आधी सांगून पुरावेत. लपंडाव म्हणून मुले तेवढ्याच उत्साहाने खेळतात.

शिवाय आपल्या ओढ्यांना अशा उसनवारीची गरज नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात माणके नाहीत. परंतु गारगोटी, अकीक व पांढरे झिओलाइट यांचे तुकडे पुष्कळ ठिकाणी मिळतात. परातीत वाळू घेऊन पाण्यात गोल फिरवावी. हलकी वाळू निघून गेल्यावर तळाशी जी काळी, जड रेघ उरते तीवर कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवावा. कण उडून चिकटले की ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहखनिज. कावीच्या पन्हळीत जे घडते तेच हे, आणि यास बादलीचे पैसे पडत नाहीत.

सहल पावसाळा ओसरल्यावर, पाणी घोट्याइतके असताना काढावी. खडक फोडावयाचा झाल्यास तो शिक्षकाने फोडावा व मुलांना दूर उभे करावे. पडीक खाणीत किंवा विवरात कोणत्याही सबबीवर कोणास जाऊ देऊ नये. प्रत्येक खड्याबरोबर चिठ्ठी असावी : ठिकाण, तारीख, शोधणाऱ्याचे नाव, काचेवर ओरखडा उठला की नाही. ज्याची ओळख पटली नसेल त्या चिठ्ठीवर 'ओळख पटली नाही' असे स्वच्छ लिहावे आणि तो खडा इतरांच्याच ओळीत मांडावा.