धरणाचा फुगवटा आणि घराचा उंबरठा

आज एका कोड्याने सुरुवात करू. एका धरणाच्या भिंतीपाशी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे. धरणाच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका घराचा उंबरठा २४६ मीटरवर आहे. पुराच्या वेळी त्या घरात पाणी शिरेल काय?

‘नाही’, असे तुम्ही चटकन म्हणाल. उंबरठा अर्धा मीटर उंच आहे ना! पण हे उत्तर चुकू शकते.

वरील पातळी काल्पनिक नाही. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगा नदीवर गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. धरणाला ३३ दरवाजे असून त्याची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर ठरविलेली आहे. धरणामागे नदीच्या पात्रात वरपर्यंत पसरत जाणाऱ्या पाण्याला ‘फुगवटा’ म्हणतात.

साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. वाहत्या पाण्याचा मात्र नसतो. पाणी पुढे सरकायचे तर पृष्ठभागाला उतार हवा, आणि त्याच पात्रातून अधिक पाणी जायचे असेल तर मागची पातळी चढते. समजा, पुरात हा उतार दर किलोमीटरला ४ सेंटीमीटर आहे आणि आपले घर धरणापासून ४० किलोमीटर वर आहे. ४० × ४ = १६० सेंटीमीटर. म्हणजे घरापाशी पाण्याची पातळी २४७.१० मीटर होईल, आणि उंबरठ्यावर १.१० मीटर पाणी चढेल! उताराचा आणि अंतराचा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. तत्त्व मात्र खरे आहे.

वैनगंगेला पूर धरणापूर्वीही येत असत. त्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. भंडारा शहराच्या खालच्या बाजूस, आंभोरा येथे कन्हान नदी वैनगंगेला मिळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. वैनगंगेवरील संजय सरोवराचे पाणी वरून आले आणि पेंच नदीवरील धरणांचे पाणी कन्हानमार्गे संगमावर येऊन थडकले. कन्हान दुथडी भरली की संगमापाशी पाणी चढते आणि वरच्या वैनगंगेचा निचरा मंदावतो. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले, तरी भंडारा शहराच्या वस्त्यांत आणि काठच्या गावांत पाणी शिरलेच.

मग घर कोठे बांधावे? यासाठी पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पूर येऊन गेला की पुढची ९९ वर्षे निश्चिंत, असा नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता शंभरात एक असते. एखादे कुटुंब लाल रेषेवर ३० वर्षे राहिले, तर त्या काळात एकदा तरी पाणी उंबरठ्याला लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवर तीच सुमारे ७१ टक्के!

काठावरचे लोक शासनाकडे दाद मागतात, तेव्हा हे विज्ञान त्यांच्या उपयोगी पडते. ‘पाणी येते, काहीतरी करा’ एवढेच म्हणण्यापेक्षा नेमके मागता येते. फुगवटा धरून पूररेषा पुन्हा मोजा; दरवाजे उघडण्यापूर्वी खालच्या गावांना, आणि वरच्या धरणांतून पाणी सुटताच काठच्या गावांना सूचना द्या; वारंवार बुडणाऱ्या घरांचे पुनर्वसन करा. संरक्षक भिंत मागताना एक अडचण ध्यानात ठेवावी. भिंत नदीला अडवते, पण आतल्या नाल्यांचे पाणीही कोंडते. म्हणून नाल्याच्या तोंडाशी झडपा आणि उपसा करणारे पंप हवेतच. पूर सामावण्यासाठी धरण रिकामे ठेवावे म्हटले, तर धानाच्या शेतीला पाणी कमी पडण्याची भीती असते. हा तोल सांभाळणे सोपे नाही.

करून पाहा : तुमच्या गावात जुन्या पुराची खूण एखाद्या भिंतीवर असेल. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते, हे तुम्ही शिकला आहात. एक टोक त्या खुणेशी धरा आणि जवळच्या घरांच्या भिंतींवर तीच पातळी खडूने आखा. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे जा. प्रत्येक उंबरठा खुणेच्या किती वर वा खाली आहे, याचा तक्ता शिक्षकांच्या मदतीने तयार करून ग्रामपंचायतीला द्या. धान्याची कोठी आणि महत्त्वाची कागदपत्रे किती उंचीवर ठेवावीत, हे त्या तक्त्यावरून प्रत्येक घराला पावसाळ्यापूर्वीच कळेल.