दंड भरला, तरी नोंद राहते

‘दंड भरला की प्रकरण मिटले,’ ही समजूत गावोगावी आढळते. बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यांस ती महागात पडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तदनुसार पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. तोच अपराध तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास कैद दोन वर्षांपर्यंत वा दंड दहा हजार रुपये, किंवा दोन्ही. ही तीन वर्षे दंड भरल्यापासून नव्हे, अपराध घडल्यापासून मोजावयाची. शिवाय पहिल्याच वेळी परवाना तीन महिने स्थगित होऊ शकतो. दुसऱ्या वेळी रद्दच.

विम्याचा मामला निराळा. स्वतःच्या वाहनाची नुकसानभरपाई मागितली, की पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत साठलेली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाते. पण खरी धास्ती याहून मोठी आहे. परवाना स्थगित असलेल्या चालकाच्या हातून कोणी जखमी झाला आणि मालकाने परवान्याची चौकशी केलीच नव्हती असे सिद्ध झाले, तर जखमीस दिलेली रक्कम विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. सुगीत शेजाऱ्याच्या हाती ट्रॅक्टर देताना परवाना कोण पाहतो?