राखीव प्रतीची डिस्क संगणकास न दिसल्यास

वार्षिक निकालपत्रके तयार होतात, जनरल रजिस्टरच्या नोंदी पुऱ्या होतात आणि त्यांची राखीव प्रत घेण्यासाठी शिक्षक बाहेरची हार्ड डिस्क लिनक्स संगणकास जोडतात. पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी डिस्क बिघडली असे मानण्याची घाई होते. हजेरीस ‘हजर’ न म्हणणारा मुलगा गैरहजरच असतो असे नाही. तसेच येथेही आहे. ओळख कोणत्या पायरीवर थांबली, एवढेच प्रथम शोधावयाचे असते.

आरंभ केबलीपासून करावा. मोबाईल चार्ज करण्याच्या काही केबलींत केवळ विजेच्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. अशा केबलीने डिस्कचा दिवा लागतो, परंतु संगणकास तिचा पत्ता लागत नाही. दुसरे कारण अपुऱ्या विजेचे. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० व ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळणे अपेक्षित असते. फिरती डिस्क सुरू होताना याहून अधिक मागू शकते. हबला लावलेली डिस्क टकटक आवाज करून पुनःपुन्हा थांबत असेल, तर ती संगणकाच्या पोर्टमध्येच थेट लावावी. तरीही आवाज राहिला, तर डिस्कच्या अंतरंगातच दोष असण्याचा संभव आहे. मग ती वारंवार चालू करून पाहू नये.

एवढे झाल्यावर टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. डिस्क जोडण्यापूर्वीची व नंतरची यादी ताडून पाहावी. यादीत भर पडली नसेल, तर दोष केबल, पोर्ट वा डिस्कच्या पेटीत आहे. भर पडली असल्यास ‘एलएसबीएलके’ द्यावी आणि नावापेक्षा आकारमानावरून डिस्क ओळखावी. याच आज्ञेपुढे जागा सोडून उणे-चिन्ह व ‘एफ’ लिहिल्यास डिस्कवरील फाइलरचनेचा प्रकार कळतो. पुष्कळदा उलगडा येथेच होतो. एक्सफॅट रचना वाचण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात २०१९ साली, ५.४ या आवृत्तीत आली. त्याहून जुन्या प्रणालीवर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. एनटीएफएस रचनेची डिस्क विंडोज संगणकातून मध्येच उपटून काढली असेल, तर लिनक्स तीवर लिहू देण्याचे नाकारू शकते. ती पुन्हा विंडोजला लावून तपासावी व रीतसर काढावी.

सर्वांत मोठा धोका याच्या उलट प्रसंगी असतो. लिनक्सच्या एक्स्ट४ रचनेची डिस्क विंडोजला लावली, की तो ती फॉरमॅट करावयाची काय, असे विचारतो. डिस्क मात्र पूर्ण निरोगी असते! घाईने होकार दिला, तर कित्येक वर्षांच्या दाखल्यांच्या नोंदी हातच्या जातात. म्हणून तेथे नकार द्यावा, डिस्क काढावी आणि लिनक्स संगणकावर उघडून आधी नोंदींची दुसरी प्रत करून घ्यावी.