मोटारीकडे जाणाऱ्या केबलविषयी

तुर्भे, नवी मुंबई

चि. बाळ यास,

पावणे येथील कारखान्यातील पंपांच्या केबल-कामाची जबाबदारी तुझ्यावर सोपविण्यात आल्याचे वर्तमान कळून अतिशय संतोष झाला. परंतु काम हाती घेण्यापूर्वी एवढे मनाशी पक्के कर, की आपण आखतो तो मार्ग केवळ मोटार फिरविण्यापुरता नसून, पुढे कधी तरी तिचे झाकण उघडून आत हात घालणाऱ्या अपरिचित माणसाच्या जीवितरक्षणासाठी असतो.

म्हणून प्रथम आयसोलेटरचा, म्हणजे मोटारीचा वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचचा, विचार कर. स्टार्टर दूरच्या पॅनेलमध्ये असला तरी आयसोलेटर मोटारीपाशी, दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात आणि बंद स्थितीत कुलूप घालता येईल असाच हवा. मोटारीस थेट पूर्ण दाब देणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरला तीन पोलांचा पुरतो. परंतु स्टार-डेल्टा स्टार्टरपासून मोटारीकडे सहा तारा जातात, आणि खर्चाच्या काटकसरीपायी तेथेही तीनच पोलांचा बसविला, तर स्टार्टर चालू असताना तीन तारा तुटूनही उरलेल्या तिन्हींवर डेल्टा कॉन्टॅक्टरमार्गे 415 व्होल्टांचा दाब कायम राहतो, वाइंडिंगमधून तो तुटलेल्या टोकांपर्यंतही पोहोचतो, आणि हँडल मात्र ‘बंद’ अशी खोटी ग्वाही देत असते. तेव्हा सहा पोलांचाच घे, आणि त्याचा सहायक संपर्क कंट्रोल सर्किटमध्ये असा जोड, की मुख्य संपर्क उघडण्याआधी कॉन्टॅक्टर सुटावेत; नाही तर आयसोलेटर पुन्हा लावताच, स्टार्टर डेल्टातच अडकून राहिलेला असल्यामुळे, मोटार स्टारची पायरी गाळून थेट पूर्ण दाबावर सुरू होईल. या संपर्काची कंट्रोल केबल आरंभीच ओढून ठेव. मागाहून तिची आठवण झाली, तर भरलेल्या ट्रेमध्ये तिला जागा उरत नाही.

मार्ग कागदावर उतरविण्यापूर्वी स्वतः चालून पाहा. पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पावसाचे पाणी आणि खारी, रसायनांनी भारलेली हवा ही दोन्ही केबलची कायमची वैरी होत. यास्तव टर्मिनलच्या पेटीत केबल नेहमी खालच्या बाजूने, डबल कॉम्प्रेशन ग्लँडमधून घे, आणि रिकामी राहिलेली भोके बुजविण्यास कसूर करू नकोस. आर्मर्ड केबलचे वळण तिच्या व्यासाच्या 12 पटींहून लहान त्रिज्येचे नसावे, जमिनीखालून नेताना आयएस 1255 बरहुकूम 75 सेंटिमीटर खोली राखावी, कंट्रोलच्या तारा पॉवरच्या तारांपासून अलग ठेवाव्यात, आणि मोटारीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांकाच्या पट्ट्या लावण्याचे काम हेल्परवर न सोपविता स्वतः कर.

अखेरीस, काम हवाली करण्याच्या दिवशी स्टार्टर चालू असताना आयसोलेटर पाड, त्यास कुलूप लाव, आणि सहाही टर्मिनल परस्परांशी व अर्थशी मीटरने तपासून पाहा. मालक किंवा कंत्राटदार कितीही निकड लावोत, त्या तपासणीवाचून कागदावर सही करू नकोस.



तुझा,
मामा