झांस्करच्या घरातील घोडा आणि मांजर

हिमालयाची मुख्य रांग ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे लडाखमधील झांस्करचे खोरे लागते. येथील पदुम हे प्रमुख गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढाच असतो. पाऊस नाममात्र पडतो आणि हिवाळ्यात तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. अशा ठिकाणी मनुष्य एकटा राहू शकत नाही. त्याला जनावरांची सोबत लागते. त्यांपैकी घोडा आणि मांजर या दोघांचा येथे विचार करू.

एकाच पिकावर दोघांचे पोषण

झांस्करचा उन्हाळा अल्प असतो. वर्षातून एकच पीक हाती येते आणि त्यात सातूचे स्थान पहिले आहे. सातू भाजून केलेले पीठ हे लोकांचे नित्याचे अन्न होय. पिकाची कापणी झाली की मळणी सुरू होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला खळे आणि तिवडा हे शब्द नवे नाहीत. झांस्करमध्येही खळ्याच्या मध्यभागी खांब रोवून त्याभोवती जनावरांची पात फिरविण्याची रीत परंपरेने चालत आली आहे. पातीत आतल्या बाजूस झो, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरापासून जन्मलेला बैल, आणि बाहेरच्या बाजूस घोडे व गाढवे जुंपतात. यामागील गणित सोपे आहे. खांबापासून १ मीटर अंतरावरील जनावर एका फेऱ्यात सुमारे ६ मीटर चालते. ४ मीटर अंतरावरील जनावराला तेवढ्याच वेळात सुमारे २५ मीटर चालावे लागते. म्हणून मंद चालीचे जनावर आत आणि चपळ जनावर बाहेर.

मळणीनंतर काड व भुसा घोड्याच्या वाट्याला येतो आणि दाणे कोठारात जातात. हे दाणे पुढील सुगीपर्यंत पुरावयाचे असतात. उंदरांनी कोठार पोखरले तर ती तूट भरून काढावयास दुसरा हंगाम नाही. येथे मांजराचे काम सुरू होते. मांजर धान्य खात नाही. पण धान्य खाणाऱ्याला खाते. मनुष्य आणि मांजर यांचा संबंध मुळात कोठारापाशीच जडला, असे संशोधकांचे मत आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सापडले आहेत.

थंडीचा हिशेब

थंडीत मांजर चुलीपासून हलत नाही. घोडा मात्र गोठ्यात निर्वेधपणे उभा राहतो. असे का व्हावे? शरीरातील उष्णता कातडीच्या पृष्ठभागावरून बाहेर जाते आणि ती निर्माण होते शरीराच्या आत. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर असते. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १,००० भरते. म्हणजे वस्तू लहान असेल तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, आणि उष्णतेचा ऱ्हासही अधिक. शिवाय घोड्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतू वैरण आंबवितात. त्या क्रियेतही उष्णता निर्माण होते. पुरेशी वैरण हीच जणू घोड्याची शेगडी होय.

झांस्करच्या लोकांनी ही गोष्ट अनुभवाने जाणली. जुन्या घरांत हिवाळी स्वयंपाकघर तळमजल्यावर, गोठ्यांच्या मध्ये असते. कडाक्याची थंडी पडली की कुटुंब तेथे उतरते. जनावरांच्या अंगची ऊब भिंतीपलीकडून माणसांना मिळते आणि शेण वाळवून त्याचे जळण होते. मांजर या उबेचे वाटेकरी. घोडा तिचा दाता.

झांस्करी घोडा

येथील घोडा ठेंगणा, परंतु बळकट असतो. त्याचा रंग बहुधा करडा किंवा पांढुरका असतो. मैदानातील घोडा एकदम या उंचीवर आणला तर विरळ हवेत त्याला लवकर धाप लागते. झांस्करी घोडा मात्र याच हवेत जन्मतो आणि उंच खिंडींतून ओझे वाहतो. उन्हाळ्यात त्याला कुरणांत मोकळे सोडतात. तेथे मांजराचाच एक मोठा भाऊबंद, हिमबिबट्या, शिंगरांवर टपलेला असतो. एकाच मार्जारकुलातील एक प्राणी घराचा राखणदार आणि दुसरा घराचा धाक, असा हा योग आहे.

मार्च २०२४ मध्ये निम्मू–पदुम–दारचा हा रस्ता जोडला गेला. रुग्णाला दवाखाना आणि मुलांना शाळा जवळ आली, हा लाभ मोठाच आहे. परंतु मोटार आणि मळणीयंत्र आले की घोड्याचे काम कमी होते. काम नसलेले जनावर हिवाळाभर पोसणे जड जाते. संकरामुळेही शुद्ध झांस्करी घोडे विरळ झाले आहेत. म्हणून पशुसंवर्धन खात्याने पदुम येथे त्यांची पैदास हाती घेतली. अनेक पिढ्यांच्या निवडीतून सिद्ध झालेली जात एकदा नाहीशी झाली तर ती पुन्हा घडविता येत नाही. मांजराची चिंता तशी नाही. जोवर घरात कोठार आहे तोवर त्याची जागा कायम आहे.

करून पाहा

एकाच धातूची, सारख्याच आकाराची, पण एक लहान व एक मोठे अशी दोन भांडी घ्या. दोन्हींत सारख्याच तापमानाचे गरम पाणी काठोकाठ भरा. दर दहा मिनिटांनी तापमापकाने तापमान मोजून वहीत मांडा. कोणते पाणी आधी निवते? चुलीपाशी कोण बसेल आणि गोठ्यात कोण उभे राहील, ते यावरून सांगा.