कांदा येतो कुठून?

जबल अलीच्या घरात आई कांदा चिरताना म्हणते, "हा आपल्या नाशिकचा हं!" मग तो इथे कसा आला?

नाशिक जिल्ह्यात लासलगाव हे छोटं गाव आहे. इथे पाऊस कमी. शेतकरी विहिरीच्या आणि कालव्याच्या पाण्यावर कांदा पिकवतात.

उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढतात. तो टिकतो. शेतकरी तो चाळीत साठवतात आणि भाव बघून विकतात. हिवाळ्यातला लाल कांदा मात्र लवकर सडतो. तो लगेच विकावा लागतो.

बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग लागते. लिलाव होतो. शेतकरी, हमाल, ट्रकवाले, चहावाले, सगळ्यांचं पोट कांद्यावर! मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून जहाज निघतं आणि कांदा जबल अली बंदरात उतरतो.

८ डिसेंबर २०२३ रोजी भारत सरकारने कांद्याची निर्यात थांबवली. देशात कांदा महागू नये, म्हणून. पण तेव्हा बाजारात लाल कांदा होता. लासलगावात भाव पडला, शेतकऱ्याला थांबताही येईना. इकडे दुबईत मात्र कांदा महागला! ४ मे २०२४ रोजी बंदी उठली.

शब्दार्थ
चाळ – कांदा साठवायची हवेशीर जागा
लिलाव – बोली लावून विक्री
निर्यात – माल परदेशी पाठवणे

सांगा पाहू
१. लाल कांदा लगेच का विकावा लागतो?
२. बंदीमुळे कोणाचा फायदा झाला? कोणाचं नुकसान झालं?
३. तुमच्या घरचा कांदा कुठला? दुकानात विचारून या.